सरांच्या मुठीतली वायर

खरं सांगतो, आमच्या फिजिऑलॉजीच्या सरांना हसताना बघितलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. नगरला एमएस्सी करत होतो तेव्हाची गोष्ट. सेमिनारमध्ये कोणी अडखळलं की सर शांतपणे पेनाला टोपण लावायचे. म्हणजे बसा खाली, झालं तुमचं.

त्या दिवशी आमच्या वर्गातली मिरजगावची सविता उभी होती. विषय होता, स्नायू आकसतो कसा. दुसऱ्याच स्लाइडला लाइट गेली आणि लाइटीबरोबर तिचं इंग्रजीपण गेलं. सरांनी टोपण हातात घेतलं.

"सर, एक मिनिट!" सविताने प्रोजेक्टरची एक्स्टेंशन वायर काढली, एक टोक खुर्चीला बांधलं आणि दुसरं थेट सरांच्या हातात दिलं. "विहिरीतनं पानी शेंदत्यात तसं ओढा. एक हात धरतो, ओढतो, सोडतो, परत पुढं धरतो. स्नायूतले धागे असंच करत्यात."

सर चक्क ओढायला लागले. खुर्ची सरकत आली.

"थांबा! आता पेशीतली ऊर्जा संपली. धरलेलं सोडायला ती लागतीच, सर. आता तुमाला मूठ सोडता येनार न्हाई. मेलेलं मानूस ताठतं ते ह्याच्यामुळंच."

सरांच्या मुठी वायरवर तशाच. तेवढ्यात शिपाईमामा आले आणि त्यांनी चहाचा कप सरांपुढे धरला.

सर तसूभर हलले नाहीत.

"टेबलावर ठेवा, मामा," ते म्हणाले. "मी मेलोय."