तिसरं हेल्मेट

स्टोअरकाका : हे तिसरं हेल्मेट. आता माझ्याकडे बदलून देण्यासारखं काही उरलं नाही. डोकंच बदलून आण.

कॅडेट : काका, चेष्टा नको. दोनदा नापास झालेय फायरिंगला. उद्या सकाळी शेवटची संधी. ती गेली की वर्दी परत करून घरी.

स्टोअरकाका : अगं, पण आरशात बघ. झकास बसलंय.

कॅडेट : उभ्याने झकासच बसतं. गोळी पालथं झोपून मारायची असते ना. मान वर केली की हे पुढे येतं, डोळ्यांवर झाकण पडल्यासारखं. मग टार्गेट कुठे नि मी कुठे.

मॅडम : पट्टा ढिला ठेवतेस म्हणून.

कॅडेट : मॅडम, तुम्ही इथे?

मॅडम : उद्यासाठी रेंजचे झेंडे न्यायला आले. पट्टा घट्ट कर. किती वेळा सांगायचं?

कॅडेट : केला, मॅडम. हनुवटीवर वळ बघा. पण अडचण मागे आहे. मान मागे गेली की अंबाडा कॉलर आणि हेल्मेटच्या मधे अडकतो. मागची कड वर उचलली जाते, म्हणून पुढची खाली येते. पट्टा आवळला तर जास्तच.

मॅडम : बाकीच्या मुली पास होतात त्या कशा?

कॅडेट : ज्यांचा अंबाडा सुपारीएवढा, त्या होतात. माझा नारळाएवढा आहे.

स्टोअरकाका : हे मात्र खरं.

मॅडम : काका, तुम्ही मधे बोलू नका.

कॅडेट : नवा आदेश आलाय, मॅडम. एक वेणी चालेल असा. बोर्डावर लावलाय.

मॅडम : मी वाचलाय. ‘प्रशिक्षकाच्या परवानगीने’ हे शब्दही वाचलेत. मी परवानगी देणार नाही. आज वेणी, उद्या रिबिनी लावाल.

स्टोअरकाका : अगदी हेच.

मॅडम : काय हेच?

स्टोअरकाका : अकरा वर्षांपूर्वी मोठे साहेब हेच म्हणाले होते. ‘आज अंबाडा, उद्या रिबिनी.’ त्याआधी मुलींचे केस कानापर्यंत कापायचे. तुमचेही कापले होते, या इथेच, त्या स्टुलावर बसवून. अंबाडा मंजूर करून आणला तो तुम्ही. चार अर्ज केलेत. टाइप मी करून दिले.

मॅडम : ती गोष्ट वेगळी.

कॅडेट : मॅडम, एक विचारू? रागावू नका.

मॅडम : विचार.

कॅडेट : अंबाड्यावर हेल्मेट घालून तुम्ही कधी पालथं झोपून नेम धरलाय?

मॅडम : मी या रेंजवर विसात वीस मारलेत.

स्टोअरकाका : तेव्हा केस कापलेले होते.

मॅडम : आणि नंतर प्रशिक्षक झाले. प्रशिक्षक टोपी घालतात.

स्टोअरकाका : चटई टाकू का? दाराला कडी लावतो.

(मॅडम हेल्मेट घालून चटईवर पालथ्या झोपतात.)

कॅडेट : मान वर, मॅडम. समोरच्या खोक्यावर नंबर आहे.

मॅडम : खोका कुठेय?

स्टोअरकाका : समोरच. दहा पावलांवर.

मॅडम : मला चटई दिसतेय. पट्टा आवळ.

कॅडेट : आवळला.

मॅडम : अजून.

कॅडेट : अजून आवळला तर श्वास अडकेल.

मॅडम : आता चटईही अर्धीच दिसतेय.

कॅडेट : उठता ना, मॅडम?

मॅडम : नाही. पिना काढ. वेणी घाल.

कॅडेट : मी? तुमच्या केसांना हात लावू?

मॅडम : परवानगी दिली. मानेपाशी सैल ठेव. हं. आता हेल्मेट. पट्टा नेहमीसारखा.

स्टोअरकाका : काय दिसतंय?

मॅडम : चार, शून्य, सात, सात. खालच्या कोपऱ्यात उंदराने कुरतडलंय.

स्टोअरकाका : ते लिहून पाठवलंय वर.

मॅडम : पोरी, तुझ्या निकालावर मी काय शेरा लिहिला होता?

कॅडेट : ‘मान स्थिर नाही.’ दोन्ही वेळा.

मॅडम : अकरा वर्षं लिहितेय. मला वाटायचं, मुली कवायतीला कंटाळतात, मानेचे व्यायाम चुकवतात. व्यायाम वाढवले मी.

कॅडेट : माहितेय. रोज साठ.

मॅडम : उद्या सगळ्या मुली एक वेणी घालून येतील, शेवट शर्टाच्या आत. परवानगीची चिठ्ठी जाता जाता बोर्डावर लावते. तू वेणी घाल आणि हेच हेल्मेट घेऊन रेंजवर चल, दहा गोळ्यांचा सराव करू.

कॅडेट : आत्ता?

मॅडम : उजेड आहे तोवर. काका, वर्दी परत करायला मुली तुमच्याकडेच येतात ना?

स्टोअरकाका : दुसरीकडे कुठे जातील. सही घेतो, पत्ता घेतो. कुणी रडलंच तर चहा देतो.

मॅडम : फायरिंगमुळे गेलेल्यांचे पत्ते काढून ठेवा. वयात बसणाऱ्या किती आहेत ते मला बघायचंय.

स्टोअरकाका : सगळ्या परत येतील असं नाही.

मॅडम : विचारायला तर हवं. पत्र मी हाताने लिहीन.

कॅडेट : मॅडम, अंबाडा परत घालून देऊ? मैदान ओलांडून जायचंय. सगळे बघतील.

मॅडम : बघू देत.