तक्रारीचा रकाना

सकाळपासून खोकला, ताप, पोटदुखी लिहून कंपाउंडरचा हात भरून आला होता. तेवढ्यात एक नवराबायको समोर येऊन उभे राहिले.

“तक्रार काय?”

“रविवारी पोरांनी आम्हाला पेंटबॉल खेळायला नेलं. बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारायच्या. हिनं माझ्या पाठीत तीन घातल्या.”

“आणि आपण एकाच टीममध्ये होतो, तेही सांगा.”

“म्हणजे पाठ दुखतेय?”

“छे हो, पाठीचं काही नाही! तेव्हापासून काळजीच वाटत नाहीये.”

“कसली?”

“कसलीच. वीस वर्षं पहाटे चारला छातीत धस्स होऊन उठायचो. आता सातपर्यंत ढाराढूर! काल साहेब ओरडले, तर मला हसूच आलं.”

“एखादी गोळी डोक्यात बसली असणार. माझा नेम म्हणजे...”

“हेल्मेट होतं गं!”

कंपाउंडरनं मान खाजवली.

“अहो, पण तक्रारीच्या रकान्यात लिहू काय?”

“तेच तर कळेना झालंय, म्हणून आलो!”

बाईंनी पर्समधून आपला जुना केसपेपर काढला.

“माझ्या या कागदावरही लिहा. तक्रार तीच.”