कबरीचं अंग

(सोलापुरातली घोंगडीवाल्यांची गल्ली. ओसरीवर बजाबाई, मांडीवर मांजर. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सून फुलाबाई गाठोडं बांधतेय. बजाबाईचा मुलगा कुंडलिक बाहेर टांग्यापाशी उभा.)

फुलाबाई : आत्या, ठिवा की आता ते मांजर खाली. टांगेवाला कवाचा खोळंबलाय. डोळ्याचा डाक्तर काय आपल्यासाठी बसून ऱ्हाणार हाय व्हय?

बजाबाई : थांब गं. डोळं कापून घ्यायला चालले मी. माघारी येईस्तवर किती दिस जातील कुणाला ठावं. कबरीला जरा गोंजारू दे.

फुलाबाई : अव्वा! हात नगा लावू तिला. ह्यांनी सांगितलंय न्हवं, वैद्यानं लेप लावलाय म्हणून?

बजाबाई : कुटं हाय लेप? सारं अंग चाचपलं म्या. वास न्हाय, चिकटा न्हाय.

फुलाबाई : चाटून टाकला आसंल तिनं.

बजाबाई : कबरीनं? तिची मान मागं वळत न्हवती गं. म्हणून तर ढुंगणावर केसांच्या गुठळ्या झाल्या हुत्या. कातरी लावली की कातडंच हातात यायचं. पाठीवर कोंडा, मणका न् मणका हाताला लागायचा. आन् हे बघ, लोण्यात बुडवून काढल्यावानी अंग.

फुलाबाई : मग औषध लागू पडलं म्हणायचं. चांगलंच झालं की.

बजाबाई : आत्ता तिच्या तोंडात बोट घातलं म्या. सुळं हायत की! कबरीचं सुळं गेल्या साली पडलं. वैद्यानं दातबी उगवून दिलं व्हय?

फुलाबाई : आत्या, मला काय बी इचारू नगा.

बजाबाई : जल्म गेला माजा लोकर निवडण्यात. म्हाताऱ्या मेंढीची राठ लोकर परत कोकराच्या जावळावानी मऊ झाल्याली कुणी बघितलीया? डोळं गेलं माजं, बोटं न्हाय गेली. फुले, हे तुजंच काम. पयल्यापास्नं तुला तिचा राग.

फुलाबाई : अय्यो! माजं? गाडगं गाडगं पाणी प्यायची आन् दिसंल तितं मुतायची. ती वली पोती कोण धूत हुतं? तिच्या तोंडाची घाण यायची, तरी भाकरी चुरून कोण घालत हुतं? मी एक सबूद बोलले का कधी? तुमच्या ल्योकालाच इचारा. अवो! या की आत!

कुंडलिक : आये, चल की गं. गिरणीचा भोंगा झाला, आता दवाखान्यात गर्दी हुईल.

बजाबाई : हे मांजर कुणाचं?

कुंडलिक : कुणाचं म्हंजी? आपलंच. कबरी न्हवं का ती.

बजाबाई : हिकडं ये. माज्या डोक्यावर हात ठिव आन् परत म्हण.

कुंडलिक : आता हे काय काढलंस? ऐन निघायच्या वक्ताला!

बजाबाई : ठिव हात.

कुंडलिक : ...आपल्या गल्लीतल्या सारजाबाईच्या घरचं हाय ते. कबरीचीच नात. रंग तसाच कबरा, म्हणून आणलं.

बजाबाई : आन् माजी कबरी?

कुंडलिक : टेंभुर्णीला सोडली. बाजाराला घोंगड्या घिऊन गेलतो, तवा.

बजाबाई : टेंभुर्णीच्या वैद्याकडं नेतो म्हणला हुतास तू.

कुंडलिक : वैद्य कुटला, आये. माणसांचं बघायला वैद्य मिळंना, मांजराचं कोण बघतंय? वाटंत पोत्यात घातली, वाट ध्यानात ऱ्हाऊ नये म्हणून. बाजारात सोडली आन् आलो. मारली न्हाय, ते पाप न्हाय घेतलं मी.

बजाबाई : दात नसल्यालं मांजर बाजारातल्या कुत्र्यांम्होरं सोडलंस, आन् पाप न्हाय घेतलं म्हणतोस?

कुंडलिक : मग काय करू? दुधनीचं आपलं गिऱ्हाइक वीरभद्रप्पा, त्याची लगनाची घोंगडी मुतून नासली तिनं. धुतली, उन्हात टाकली, तरी वास जाईना. त्यानं चार लोकांत माज्या अंगावर फेकली घोंगडी. तुला सांगितलं आसतं, तर तू सोडू दिली आसतीस?

बजाबाई : न्हाय.

कुंडलिक : बघ! म्हणून तर सांगितलं न्हाय. तुला वाईट वाटू नये म्हणून दुसरी आणली.

बजाबाई : भांडला आसतास तर बरं झालं आसतं. म्या रडले आसते, शिव्या दिल्या आसत्या. पर न्यायच्या दिशी घरातनं टोपल्यात तिला कुणी घातली रं? तुज्या हाताला ती येत न्हवती. बोचकारलं तुला. मग मला म्हणलास, आये, तू घाल. म्या म्हणलं, जा माय, बरी हून ये. तशी गप बसली बिचारी. माज्या आवाजावर बसली ती, कुंडलिका!

कुंडलिक : आये...

बजाबाई : आन् म्या खुळी, सारजाबाईच्या दारात जाऊन सांगून आले. माज्या ल्योकानं मांजराला सुदिक वैद्य केला, आसा ल्योक मिळायला पुण्याई लागती! ती नुसती व्हय व्हय करत हुती. मांजर तिच्याच घरचं! सारी गल्ली हसली आसंल मला.

फुलाबाई : कुणी बी हसलं न्हाय, आत्या.

बजाबाई : म्हंजी ठाव हुतं समद्यांना.

फुलाबाई : मी ह्यांना म्हणले हुते, आसं करू नगा. आईकलं न्हाय. मग मीबी गप बसले. चुकलंच माजं.

कुंडलिक : बरं, मी उद्याच्याला जातो टेंभुर्णीला. सारा बाजार हुडकतो. घावली तर आणतो. पर आता ऊठ. माज्यावरच्या रागानं डोळं घालवू नगंस.

बजाबाई : ती बी आशीच निघाली हुती, वैद्याकडं. टांग्यात बसावं का नगं, मलाच कळंना झालंय.

कुंडलिक : आये! अगं, मी तुजा ल्योक हाय. काय बोलतीस हे?

बजाबाई : मला दिसत न्हाय, बाबा. तू सांगशील तेच खरं धरून चालत हुते म्या. रस्त्यात खड्डा हाय म्हणलास की पाय उचलत हुते. आता कशावर पाय ठिवू?

फुलाबाई : आत्या, मी येते संगं. पार दवाखान्यात, तुमच्या खाटंपतुर. चला.

बजाबाई : चल. डोळं पायजेत मला. आता तर लईच पायजेत. ह्या पिल्लाला सारजाबाईकडं पोचीव आधी, त्याचा काय गुन्हा न्हाय.

कुंडलिक : हात दे, आये. टांग्याची पायरी उंच हाय.

बजाबाई : फुले, तू दे हात.

कुंडलिक : बरं. ऱ्हाऊ दे. पट्टी सोडायच्या दिशी तर येतो मी. येऊ न्हवं?

बजाबाई : पट्टी सुटली की पयलं तुजंच तोंड बघायचं, आसं ठरवलं हुतं म्या. आता नगं येऊस. सवडीनं बघीन.