छप्पन्न पौंड कापले

अगं, ऐक तरी! फिश-चिप्सच्या दुकानात डिलिस रांगेत उभी होती. तिच्या पुढे नेरिस आणि तिची आई. नेरिस म्हणजे ती, गणिताची पदवी घेऊन दोन वर्षं बेकरीत पाव विकणारी. गेल्याच महिन्यात विमा कंपनीत लागली. डिलिसनं कान टवकारले.

“आई, पहिल्याच पगारातून छप्पन्न पौंड कापले.”

“का? काय फोडलंस तिथे?”

“काही नाही गं. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता.”

“पंचेचाळीस हजारांचं कर्ज डोक्यावर, आणि हसतेस काय अशी?”

“बेकरीत असताना किती कापायचे?”

“एक पेनी नाही. आपला धाकटा एमलिन तेच तर ऐकवतो. मी छपरं दुरुस्त करून गाडी घेतली, म्हणतो, ताईची पदवी स्वतःचं कर्जसुद्धा फेडेना.”

“अगं, ठरलेल्या रकमेच्या वर पगार गेला तरच कापतात. तेही वरच्या पैशातले, शंभराला नऊ.”

“म्हणजे तुला आता मिळतात तरी किती?”

“वर्षाला छत्तीस हजार.”

“आणि एमलिनला?”

“एकतीस. त्यानंच ऐकवलं होतं, नाताळात.”

“आणि उद्या नोकरी गेली तर?”

“तर हप्ता बंद. तीस वर्षांत नाही फिटलं, तर उरलेलं माफ.”

आई काउंटरपाशी सरकली. मग काउंटरवाल्यानं विचारलं, “काय देऊ मावशी?”

“तीन मोठे मासे दे. एक एमलिनचा. त्याच्या पुडक्यावर पेनानं छप्पन्न लिही.”

“छप्पन्न? हे काय?”

“तू लिही रे. मोठं लिही. का ते त्याला मी सांगते.”