नायकाचं नाव

हसू नका भिया, पण मी आठवडाभर प्रेमाची कादंबरी ऐकलेली आहे. मध्यभारत हे राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मिलमध्ये पाय मुरगळला आणि मल्हारगंजातल्या घरी पडून राहिलो. मला वाचायला जेमतेम येतं, म्हणून दुपारी बायको वाचून दाखवायची. आई शेजारी गहू निवडत बसायची.

नायकाचं नाव निघालं माधव, म्हणजे माझंच. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? ती वाचायची, "हे बागेत आले. ह्यांनी तिचा हात धरला."

आई म्हणाली, "अगंबाई, हा कधी गेला बागेत?"

लग्नात तिने उखाण्यात नाव घेतलं होतं, पण वाजंत्र्यांच्या गोंगाटात मला ऐकूच आलं नाही. आता चुकून एकदा तरी घेईल, म्हणून मी रोज कान देऊन पडायचो.

शेवटच्या पानावर नायिका त्याला नावाने हाक मारते. तिथे बायको थांबली. आई आत गेली होती.

"वाच की," मी म्हणालो.

तिने पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. "तुम्हीच वाचा. एवढं तर येतं ना?"

नायिकेची ती हाक मीच मारली, मलाच. पुढे बायको वारली, तोवर मी 'अहो'च होतो.