भट्टीतला खडा

मला कशाला बोलायला लावताय, चौकशीवाले साहेब? पाय दुखतायत, घसा बसलाय, त्यात तुमचा हा कागद — बरं, बसा, पण त्या काचेला टेकू नका, मघाशीच पुसलीय. काय विचारताय? टेबलावरचा ज्वालामुखीचा दगड उचलून तिथं लोखंडाच्या भट्टीतला खडा कोणी ठेवला? मला काय ठाऊक! मी संग्रहालयाच्या या दगडांच्या दालनाचा राखणदार, चौथी नापास. एकतीस वर्षं दगडांत उभा आहे, एवढंच माझं शिक्षण. पोरं यायची, जांभया देत निघून जायची — कोरडा दगड मेल्यासारखा दिसतो हो! मी ओल्या फडक्यानं पुसायचो, की आतले पट्टे कसे लख्ख उठायचे, पोरं 'आजोबा, अजून एक' करत मागं लागायची. मिळालं काय? 'मांडलेल्या वस्तूला हात लावला' म्हणून मेमो! आणि ही नवी ताई, शिकवायला नेमलेली — आठवडाभर माझ्या पाठीशी उभी राहून बघायची, मला वाटलं, शिकतेय बिचारी. शिकली की! फवाऱ्याची बाटली आणली, टेबल मांडलं, 'हात लावा, भिजवा, ओळखा' अशी पाटी — आणि मेमो देणारेच मोठे साहेब टाळ्या पिटतायत! पेपरात फोटो तिचा. माझी कोपरापर्यंतची बाही तेवढी आलीय त्यात.

जळतो? मी? हॅ! परवा पाहुण्यांसमोर तिनं तो काळा खडा उचलला, हातात तोलला, थांबली — म्हटलं, आता फजिती. तर हसून म्हणते कशी, 'मुलांनो, हा पृथ्वीच्या पोटातला की कारखान्याच्या? भोकं बघा, काचेसारखी चकाकी बघा —' पोरं तुटून पडली. त्याचाही धडा केला बाईनं! आता तो खेळ कायमचा ठेवणार म्हणे. फाउंड्रीमागचा उकिरडा तासभर उपसला होता, साहेब, तेव्हा कुठं असा हुबेहूब तुकडा —

काय म्हणालात? तिनं लिहून दिलंय? खडा मुद्दाम तिनंच ठेवला, मुलांची परीक्षा घ्यायला? मला वाचवतेय होय! खोडा ते. खोडा म्हणतो ना! फडक्याची युक्ती नेली, आता हा खडाही तिचाच? मी ठेवला, या हातानं — घाला माझं नाव, ठळक घाला. निवृत्तीला चार महिने उरलेत, ठाऊक आहे मला. काढताय तर काढा! लिहिलंत? मग निघा, दार लावायचंय. माफीनामा? माझ्याकडनं? माफी मागायचीय ती त्या ताईनं.