नदीची माती

सात रस्ता चौकात एसटीची वाट बघत मालिनी बाळाला थोपटत बसली होती. शेजारी दोघीजणी बोलत होत्या.

"बसव्वा, गाठोड्यात काय गं?"

"नदीची माती. लेक पोटुशी हाय, मातीचे डोहाळे लागलेत. तिला माहेरचीच पायजे."

"रंगाच्या कारखान्याखालची? येडी का खुळी! तितं मासळी मेली व्हती की."

"कारखाना दुष्काळातच बंद पडला, नागव्वा. आता पानी कसं काचेवानी हाय."

"पानी गेलं वाहून. रंग गाळात बसलाय. काल आमची म्हस उतरली, गुडघ्यापातूर निळी झाली! टाक ती माती."

"ही टाकतीया गं. पन मागच्या बाजाराला धाडलेली तिनं चाटूनपुसून खाल्ली की."

मालिनीनंही डोहाळ्यात त्याच नदीची माती खाल्ली होती. झोपलेल्या बाळाची मिटलेली मूठ तिनं हळूच उघडून पाहिली.